एक जूनचे गुरुजी

उत्तरेश्वर गुरुजी सोनारीच्या शाळेत एकतीस वर्षं शिकवून निवृत्त झाले. ते कधी चुकत नसत. निदान कबूल तरी करत नसत. जूनमध्ये आया पोरं शाळेत घालायला येत. गुरुजी विचारत, "जन्मतारीख?" आई सांगायची, "भैरवनाथाच्या यात्रेत झालंय." गुरुजी एक जून लिहून मोकळे. माझी एक जून आणि माझा भाऊ इंद्रजित, त्याचीही एक जूनच. वर्ष तेवढं वेगळं. पहिलीपासून माझा त्यांच्यावर राग होता.

गेल्या हिवाळ्यात अमेरिकेत इंद्रजितच्या व्हिसाची मुदत संपली आणि त्याला इमिग्रेशनच्या कोठडीत टाकलं. वकीलबाईंनी फोनवर समजावलं, खटला संपेपर्यंत जामिनावर बाहेर राहता येतं. गुन्हा काही नव्हता, चुलतभाऊ घरात ठेवून घ्यायला तयार होता. नाहीतर हार मानून परत यायचं. पण ओळख पटवायला आम्ही ग्रामपंचायतीचा जन्मदाखला पाठवला, त्यात निघाली अकरा एप्रिल. पासपोर्ट शाळेच्या दाखल्यावरून काढलेला, त्यावर एक जून. सरकारी वकिलाला तेवढंच पुरलं. कागद खोटे आहेत, याला सोडू नका, म्हणाला. पुढची सुनावणी दहा दिवसांवर होती.

आई मला घेऊन तडक गुरुजींच्या दारात गेली.

"गुरुजी, माझं पोरगं तिकडं कोंडलंय. तुमी लिवलेल्या तारखेपायी. ती अंदाजानं टाकली, आसं लिवून द्या."

सगळं ऐकून गुरुजींचा चेहरा उतरला. त्यांच्या पत्नी गिरिजाबाई घाबरून म्हणाल्या, "लिहून दिलं आन् पेन्शन थांबली तर?"

"थांबू दे," गुरुजी म्हणाले. "पोरगं सुटायला पायजे."

दुसऱ्या दिवशी शाळेतलं जुनं जनरल रजिस्टर निघालं. इंद्रजितच्या वर्गात सत्तावीस पोरं, सत्तावीस जणांची एक जून. मला हसू आलं आणि रडूही. त्या पानाची साक्षांकित नक्कल घेतली. मग परंड्याला तहसील कचेरीत जाऊन गुरुजींनी प्रतिज्ञापत्र केलं. मजकूर त्यांचाच होता. शेवटी लिहिलं होतं, 'चूक मुलाची नाही, माझी आहे.' सही झाल्याबरोबर आम्ही दोन्ही कागद वकीलबाईंना पाठवले.

जामीन मंजूर झाला. सुटल्यावर इंद्रजितचा पहिला फोन आईला आला, दुसरा गुरुजींना. आम्ही त्यांच्या ओट्यावरच बसलो होतो.

"गुरुजी, जजनं तुमचं शेवटचं वाक्य मोठ्यानं वाचलं. म्या भर कोर्टात रडलो."

"रडायचं न्हाय. वाढदिवस कधी तुझा?"

"अकरा एप्रिल."

"शाब्बास," म्हणाले, आणि कितीतरी वेळ चष्मा पुसत राहिले.

या माणसाचे उपकार आम्ही कधी फेडणार? मी वाकून त्यांच्या पाया पडले. माझा राग कुठं गेला होता कोण जाणे. गुरुजींनी खिशातलं पेन काढलं आणि आईकडे वळले.

"धुरपदाबाई, आता हिची तारीख सांगा. आठवा सावकाश, मी बसतो."