पट्टीत गुंडाळलेली विहीणबाई

नागपूरच्या नंदनवन वस्तीतल्या कितीतरी बायकांचे ब्लाउज सुभद्राबाईंच्या मशीनवर शिवलेले. पण त्यांचा स्वतःचा एकही पाठीत धड बसत नसे. आपल्याच पाठीला टाचण्या लावायच्या कशा? नवऱ्याला, प्रेमानंदांना, सांगून पाहिलं, तर ते आधी टोचायचे आणि मग विचारायचे, "लागली काय?"

लेकीचं, दीक्षाचं, लग्न ठरलं तेव्हा बाईंनी हट्टच धरला. या लग्नात आपल्या पाठीवर एक चुणी दिसता कामा नये. दीक्षानं मोबाइलवर व्हिडिओ दाखवला. जुना टी-शर्ट घालायचा, वरून अंगभर चिकटपट्टी गुंडाळायची, मग पाठीतून कापून तो साचा उतरवायचा आणि आत चिंध्या ठासायच्या. झाला आपल्याच मापाचा पुतळा.

प्रेमानंद खापरखेड्याच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेले इलेक्ट्रिशियन. पट्टी हातात येताच त्यांना हुरूप चढला.

"हात वर कर वं. हलू नको. केबल कधी हलते काय?"

"अवो, मी केबल नाही!"

बाईंनी मात्र एक चलाखी केली. पट्टी कमरेशी आली तसं पोट आत ओढलं आणि तसंच धरून ठेवलं. पुतळा वर्षानुवर्षं घरात राहणार, तर जरा बरा दिसू दे!

गुंडाळून झालं, दीक्षा कात्री शोधायला गेली आणि दाराची बेल वाजली. तिनं खिडकीतून पाहिलं.

"मम्मी, प्रशिकची आई!"

होणाऱ्या विहीणबाई, अंजनाबाई, धरमपेठेतून साड्या घेऊन परस्पर आल्या होत्या. प्रेमानंद स्वयंपाकघरात पळाले. सुभद्राबाईंनी हाताला लागली ती शाल अंगावर ओढली. मे महिन्यात, नागपुरात, शाल!

"जय भीम, विहीणबाई," अंजनाबाई आत येत म्हणाल्या. "बसा ना. उभ्या काहून?"

"जय भीम. मी उभीच बरी हाव जी."

"ताप आहे काय तुम्हाले?" म्हणत अंजनाबाईंनी त्यांना प्रेमानं जवळ घेतलं. शालीखालून करकर आवाज आला. अंजनाबाईंनी बोटानं ठोकून पाहिलं.

"काय जी हे? आत पत्रा घातला काय?"

स्वयंपाकघरातून उत्तर आलं, "इन्सुलेशन हाय!"

दीक्षा फिस्सकन हसली. सुभद्राबाईंनी ओठ दाबले, डोळे मिटले, पण हसू काही आवरेना. इतका वेळ आत कोंडलेलं पोट एकदम बाहेर आलं आणि काखेखालून कमरेपर्यंत पट्टी चर्रकन उसवली.

सगळी हकिकत ऐकून अंजनाबाईंनी कात्री स्वतःच हातात घेतली. उरलेला साचा कापून काढला, उजेडात धरला आणि म्हणाल्या, "हे माप दीक्षाचं काय?"

"माझंच हाय," सुभद्राबाई पुटपुटल्या. "पोट आत घेतलं होतं."

"अन् लग्नात जेवाल कशा? हे काही चालत नाही. आधी पोटभर जेवा, मग माप द्या."

विहीणबाईंचा हुकूम मोडायचा कसा? घरात पाटवडीचा रस्सा होताच. दोघी झणझणीत जेवल्या, आणि मग अंजनाबाईंच्या देखरेखीखाली दुसऱ्यांदा गुंडाळणी झाली. आता श्वास मोकळा होता.

बिघडलेल्या उभ्या पंख्याच्या दांड्यावर पुतळा बसवला. सुभद्राबाई त्याच्याभोवती फिरल्या.

"एवढी हाव काय मी?"

प्रेमानंदांना नेमकं तेव्हाच कूलरमध्ये पाणी भरायचं आठवलं.

बाई पुतळ्याच्या मागे जाऊन थांबल्या. स्वतःची पाठ त्या पहिल्यांदाच अशी निवांत पाहत होत्या. उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली उतरलेला. इतकी वर्षं मशीनवर वाकून तो तसा झाला होता आणि त्या सगळे ब्लाउज दोन्ही खांदे सारखे धरून शिवत होत्या. "म्हणून चुण्या पडून राहिल्या होत्या तर," त्या म्हणाल्या आणि त्या खांद्यावरून हलकेच हात फिरवला.

नवा ब्लाउज पाठीला असा बसला की अंजनाबाईंनी लगेच आपलंही माप घ्यायला सांगितलं.

लग्नात फोटोवाला ओरडून थकला, "काकू, समोर पाहा ना!" काकू काही ऐकेनात. दीक्षाच्या अल्बममध्ये सगळ्यांचे चेहरे आहेत आणि आईची पाठ आहे.