फोटोतले चौथे अण्णा

पुण्यातल्या एका संस्थेत फोटोग्राफीचा कोर्स होता आणि प्रवेशासाठी त्यांनी वीस रंगीत फोटो मागितले होते. विषय होता, रस्त्याकाठचं रोजचं जगणं. मी अर्ज केला तेव्हा अण्णा, म्हणजे माझे वडील, एवढंच म्हणाले, "घेतलं तर बघू." आमच्या घरात 'बघू' म्हणजे 'नाही'. नगरमधल्याच डी.एड.चा फॉर्म त्यांनी आधीच आणून ठेवला होता, आणि माझा भरवसा नको म्हणून निम्मा स्वतःच भरलाही होता.

रस्ता मी आमचाच निवडला, नगरहून पुण्याकडे जाणारा, सुप्याच्या पुढपर्यंतचा. नव्वदीची सुरुवात होती, रस्ता रुंद करायचं काम चाललं होतं. एकटी पोरगी गळ्यात कॅमेरा अडकवून तिथं फिरणार हे अण्णांना पटणं शक्यच नव्हतं. ते एसटीतून कंडक्टर म्हणून नुकतेच निवृत्त झालेले, घरात बसून आईला कंटाळा आणत होते. त्यांनी स्कूटर बाहेर काढली, थंडी म्हणून आईने विणलेला पोपटी स्वेटर चढवला आणि म्हणाले, "चल."

पहिल्याच रसवंतीवर घात झाला. मालक चरकाशी, त्याची बायको ग्लास विसळतेय, गडी उसाची मोळी सोडतोय, असं झकास दृश्य होतं. मी कॅमेरा डोळ्याला लावला तसा मालक ओरडला, "ओ ताई, थांबा! तिघांचा फोटू काडू नगा. मधला वर जातो." मधली त्याची बायको होती. ती ग्लास टाकून लांब जाऊन उभी राहिली. मी समजूत घालत होते, तेवढ्यात अण्णा शांतपणे पुढे गेले आणि चरकाशेजारी उभे राहिले. जन्मभर रिकामी सीट भरायची सवय. म्हणाले, "घे, झाले चार."

मग ते चालूच राहिलं. पंक्चरवाला, त्याचे दोन भाऊ आणि अण्णा. गाद्यांचा कापूस पिंजणारे चाचा, त्यांची दोन मुलं आणि अण्णा. काष्टीच्या बाजारातून बैल घेऊन निघालेले तिघं शेतकरी आणि अण्णा. तिथं मी विचारून पाहिलं, बैल मोजले तर चालतील का. चालत नाहीत म्हणाले. रस्त्याकाठी माणसं नेमकी तिघंच का उभी असतात, हे कोडं मला आजही सुटलेलं नाही.

अण्णा एकाही फोटोत हसले नाहीत. सगळीकडे ओळखपत्रावरचा चेहरा. काळ्या-पांढऱ्या फोटोत ते एक वेळ खपून गेले असते, पण रंगीत फिल्मवर आधी तो पोपटी रंग दिसायचा, मग रस्ता, आणि उरलंच तर जगणं. मी रडकुंडीला आले. "अण्णा, तुम्ही जरा बाजूला थांबा ना!" तर म्हणाले, "मानसं उभीच राहत न्हाईत, त्याला मी काय करू? तुझंच काम करतोय ना?"

एकच फोटो त्यांच्यावाचून निघाला. सुप्याच्या अलीकडे स्कूटरचं पेट्रोल संपलं आणि अण्णा बाटली घेऊन पायी गेले. रस्त्याच्या कामावरच्या तिघी बायका खडीच्या ढिगाशेजारी भाकरी खात बसल्या होत्या. मी भीतभीतच विचारलं, तिघींचा चालेल का? मधली म्हणाली, "काड की! मी गेले तर मुकादम कुनावर वरडंल?" आणि तिघी खदाखदा हसल्या. मी बटण दाबलं. अण्णांना यातलं काही सांगितलं नाही.

मुलाखतीला अण्णा सोबत होतेच. परीक्षकांनी वीसच्या वीस फोटो टेबलावर मांडले, चष्मा पुसला आणि विचारलं, "हे कोण? स्थानिक पुढारी का?"

"माझे वडील."

"एकोणीस फोटोंत?"

"तिघं चालत नाहीत, सर."

त्यांनी दाराकडे पाहिलं. दारात अण्णा उभे होते, स्वेटरसकट. परीक्षक बराच वेळ हसले. मग त्यांनी तो तीन बायकांचा फोटो उचलला. "हा काढताना हे कुठं होते?"

"पेट्रोल आणायला."

"या फोटोसाठी तुला घेतोय," ते म्हणाले.

परतीच्या एसटीत मी हवेत होते आणि अण्णा हातातलं तिकीट उलटसुलट करत बसले होते. मला वाटलं, झालं, 'बघू' सुरू झालं. शिरूर गेल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "तिगीच हुत्या?"

"हो."

"मधली कोन?"

"हसतेय ती."

सुपा गाव मागे पडलं. रस्त्याचं काम दिसताच अण्णा उठले आणि त्यांनी घंटीची दोरी ओढली. बसचा कंडक्टर त्यांच्याच हाताखाली शिकलेला, त्याची बोलायची काय टाप! गाडी थांबली. आम्ही उतरलो. खडीच्या ढिगाशी बायका दोनच होत्या.

अण्णांचा चेहरा उतरला. आणि महिनाभर या खुळचट समजुतीवर चिडणारी मीही ती मधली कुठं दिसते का ते शोधू लागले. "तिसरी कुटंय?" अण्णांनी विचारलं. तेवढ्यात पाण्याच्या टँकरमागून ती पदराने तोंड पुसत आली. अण्णा मटकन खडीवरच बसले.

"बरी हायस ना?"

"मला काय धाड भरलीय?"

मग अण्णांनी तिला सगळं सांगितलं. तिचा फोटो पसंत पडला, पोरीला पुण्याला बोलावलंय, दोन वर्षं तिथंच राहायचंय. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता, अर्धी बस खिडक्यांतून बाहेर लोंबत होती. "तूच सांग," अण्णा म्हणाले, "पाठवू का?"

तिने माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. "तुमी संगं जानार का?"

"न्हाई."

"मग पाठवा."

बसमध्ये हशा पिकला. एरवी मीही हसले असते. अण्णांनी दोनतीनदा मान हलवली, उठायला माझा हात धरला आणि म्हणाले, "चल, गाडी खोळंबलीय. पुन्याला जायची तयारी करायची हाय." वर चढून त्यांनी दोनदा घंटी मारली आणि खिडकीकडे तोंड करून बसले. नगर येईपर्यंत मी त्यांच्याशी एक अक्षर बोलले नाही. तोंड उघडलं असतं तर 'मी नाही जात' असंच म्हणाले असते.