आत्याचे कान

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही. आईला तर नाहीच. एकदा गावच्या देवळात बसून मनातल्या मनात बोलून पाहिलं, तेही अर्ध्यात सोडून उठले. तुम्ही मला ओळखत नाही, मी तुम्हाला ओळखत नाही — कदाचित म्हणून लिहायला जमेल. बघू.

मी आवाज मोजते. म्हणजे तीच माझी नोकरी. नगरला — आता अहिल्यानगर म्हणायचं, पण जीभ वळत नाही — एका खासगी प्रयोगशाळेत मी कामाला आहे. कुणाच्या कारखान्याचा, कुणाच्या मंगल कार्यालयाचा त्रास होतो अशी तक्रार आली, की आम्ही स्टँड उभा करतो, वर यंत्र बसवतो आणि दिवसभर शेजारी खुर्ची टाकून बसतो. संध्याकाळी यंत्र एक आकडा देतं. तो आकडा नियमात बसला की तक्रार संपली. माणसाचा त्रास संपतो का? ते आमच्याकडे कुणी विचारत नाही.

आधी आत्याबद्दल सांगायला हवं.

माझे आईवडील ऊसतोडीला जायचे. दसरा झाला की निघायचे, ते उन्हाळ्यात परत. बरोबरीच्या कितीतरी पोरी आईबापामागं फडावर गेल्या आणि त्यांची शाळा तिथंच सुटली. माझी सुटली नाही, कारण गजराआत्यानं मला ठेवून घेतलं. वडिलांची थोरली बहीण. कर्जत आणि मिरजगावच्या मधल्या पट्ट्यात तिची वस्ती, गावापासून बरीच आत — गावाचं नाव सांगत नाही. तिनं माझ्या वेण्या घातल्या, दप्तर शिवलं, ताप आला की उशाशी बसली. माझा नुसता खोकल्याचा आवाज बदलला तरी तिला पलीकडच्या खोलीत कळायचं. तिचे यजमान, त्यांना आम्ही मामा म्हणायचो, कमी बोलणारे. मी बीएस्सीला पहिली आले तेव्हा त्यांनी शेजारच्या वस्त्यांवर जाऊन पेढे वाटले. स्वतःची मुलगी असल्यासारखे. त्यांना मूल नव्हतं.

आत्याच्या वस्तीजवळच्या माळावर पुढं विमान चालवायला शिकवणारी एक संस्था आली. धावपट्टी झाली. छोटी, एका पंख्याची विमानं. मोठं विमान निदान येतं आणि जातं. हे जात नाही. शिकणाऱ्याला तेच तेच करावं लागतं — उडायचं, वळायचं, उतरायचं, चाकं टेकली न टेकली की पुन्हा उडायचं. आणि ते वळण नेमकं आत्याच्या घरावर. सकाळपासून दिवस मावळेपर्यंत. सुरुवातीला लोक पोरांना घेऊन बघायला यायचे. मामाही बांधावर उभे राहून मान वर करून बघायचे.

मग मामांना अर्धांगवायू झाला. एक बाजू गेली, वाचा गेली. घशातून एक बारीक आवाज तेवढा निघायचा — 'ओ'सारखा. तहान लागली तरी तोच, कूस बदलायची असली तरी तोच. आत्यानं त्यांच्या चालत्या हातात बैलाच्या गळ्यातली घंटा दिली होती. त्यांना ओसरीत बाजेवर निजवून ती घराला लागूनच्या रानात खुरपायला बसायची. कान घराकडं. घंटा वाजली, 'ओ' आली, की खुरपं टाकून घरात.

विमान डोक्यावर असलं की घंटा ऐकू येत नव्हती. 'ओ' तर नाहीच.

गावानं अर्ज दिला. सह्या बऱ्याच होत्या, पण खरा त्रास होता तो आत्याच्या वस्तीला. वरून आदेश आला, मोजणी करा. काम आमच्या प्रयोगशाळेकडं आलं, आणि गाव माझं म्हणून प्रयोगशाळा चालवणाऱ्या सरांनी मलाच पाठवलं. मला तेव्हा बरं वाटलं होतं. आत्याचं काहीतरी फेडता येईल, असं.

मी आधी तिच्या अंगणातच यंत्र लावलं. आत्यानं शेळ्या लांब नेऊन बांधल्या, कोंबड्या टोपलीखाली डालल्या, स्वतः पायातली चप्पल काढून चालायला लागली — यंत्राला त्रास नको म्हणून. पहिलं विमान वळलं आणि मी आकडे चढताना पाहिले. दुसरं वळलं, पुन्हा चढले. आत्या माझ्या तोंडाकडं बघत होती. मी मान हलवली. म्हणजे, हो, दिसतंय मला.

दुपारी सरांचा फोन आला. कुठं लावलंय, म्हणाले. मी सांगितलं.  ते शांतपणे म्हणाले की मोजणी लोकवस्तीत करायची असते, एकट्या घराची नाही. गावठाणात शाळेजवळ लाव. शाळा वळणापासून लांब. त्यांना ते माहीत होतं. मलाही होतं. मी यंत्र काढलं. आत्याला म्हणाले, इथलं झालं. तिनं मला चहा दिला आणि शेळ्या परत आणल्या.

शाळेजवळचा आकडा नियमात बसला. बसणारच होता.

तुम्ही म्हणाल, हाच तो गुन्हा. नाही. एवढ्यासाठी मी लिहायला बसले नसते. यंत्र हलवणारे आमच्या धंद्यात पुष्कळ आहेत, आणि खरं सांगू का — नियम सबंध दिवसाची सरासरी बघतो. दोन विमानांमधली शांतताही त्यात धरली जाते. आत्याच्या अंगणातला आकडासुद्धा कदाचित बसला असता. त्या विमानांच्या इंधनात शिसं असतं, मोटारींच्या पेट्रोलमधून केव्हाच काढून टाकलेलं. ते कुठं पडतं, हे मोजायला आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. मी एकटी काय करणार होते? — असं मी स्वतःला खूप दिवस विचारत आले. पण हे सगळं बाजूला ठेवा. माझं खोटं आकड्याचं नाही.

ते बैठकीत झालं.

पंचायतीच्या सभागृहात बैठक होती. तालुक्याचे एक अधिकारी आले होते, संस्थेचे दोघं होते, सर होते, पहिल्या रांगेत मी — इस्त्रीची साडी, गळ्यात ओळखपत्र. सरांनी आकडा वाचला.  आकड्यापुढं लोक काय बोलणार? तेवढ्यात मागं बायकांमधून आत्या उठली. मामांपाशी शेजारणीला बसवून ती एवढ्या लांब चालत आली होती. ती भांडली नाही. म्हणाली,

"सायेब, माझा मानूस आवाज देतो त्यो मला ऐकू येत न्हाई. इमान डोक्यावर आसलं की कायबी ऐकू येत न्हाई. मला येवढंच सांगायचं हाय."

साहेबांनी आकड्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. मोजणी तुम्ही केलीत ना, यांच्याकडं खरंच एवढा आवाज आहे का, असं त्यांनी विचारलं. सरळ विचारलं. चांगला माणूस होता, ऐकून घेतलं असतं त्यानं. मला एवढंच म्हणायचं होतं की तिथलं मोजणं अर्धवट सोडलं. चार शब्द.

सर माझ्याकडं बघत नव्हते. कुणी मला धाक दाखवला नव्हता. मग का — ? मला वाटतं, मला लाज वाटली. तिच्या बोलण्याची, विटलेल्या लुगड्याची, ती सगळ्यांदेखत माझ्याकडं ज्या आशेनं बघत होती तिची. आता ती 'शोभे' म्हणून हाक मारेल आणि सगळे बघतील, असं वाटलं. मी उभी राहिले आणि म्हणाले,

"साहेब, त्या माझ्या सख्ख्या आत्या आहेत. वयामुळं त्यांना कमी ऐकू येतं. विमान नसलं तरी त्यांची हीच तक्रार असते."

कुणीतरी हसलं. साहेबांनी मान डोलावली आणि पुढचा विषय घेतला.

आत्या माझ्याकडं बघत राहिली. राग नव्हता त्यात. नवीन काहीतरी कळल्यासारखी बघत होती. मग तिनं पदर कानामागं घेतला आणि खाली बसली.

तिच्या कानांना काहीही झालं नव्हतं. पुन्हा लिहिते — काहीही झालं नव्हतं.

पुढच्या कांद्याच्या खुरपणीत ते घडलं. मामा बाजेवरून घसरले ते चालत्या बाजूवरच पडले. हात अंगाखाली दाबला गेला, घंटा त्यातच. निम्मं अंग ओसरीबाहेर, उन्हात. त्यांनी किती वेळ 'ओ' दिली असेल? वर विमानं फिरत होती. आत्या चहाला घरी आली तेव्हा त्यांचा आवाज बसला होता. कर्जतच्या दवाखान्यातून त्यांना नगरला आणलं. मी रोज डबा घेऊन जायचे. ते त्यातून उठले नाहीत.

दहाव्याला बायका उठून गेल्यावर आत्यानं मला जवळ बसवलं. मला वाटलं, आता ती बोलेल. बोलावं असंच वाटत होतं — शिव्या द्याव्यात, हाकलून द्यावं. ती म्हणाली,

"तू तवाच म्हनली हुतीस शोभे, माझं कान गेल्यात. मी मनावर घेतलं न्हाई. घेतलं आसतं तर कुनाला तरी बसवलं आसतं त्यांच्यापाशी."

आता तिनं माझ्यावर विश्वास ठेवला होता. मोठ्या शाळेत शिकलेली, यंत्र आणणारी तिची पोरगी सगळ्यांसमोर बोलली, म्हणजे खरंच असणार. ती स्वतःला दोष देत होती, आणि मी तिच्या हातावर हात ठेवून बसले होते. तेव्हा तरी बोलायचं. नाही बोलले.

नंतर मी आणखी एक भेकडपणा केला. तिला कानाच्या डॉक्टरकडं घेऊन गेले. हेतू असा की माझं खोटं डॉक्टरनं फोडावं, मला तोंड उघडावं लागू नये. त्यांनी तपासलं आणि सांगितलं, वयाच्या मानानं कान उत्तम आहेत. बाहेर आल्यावर आत्या पायरीवर चप्पल घालत म्हणाली, डॉक्टर तरणा आहे, त्याला काय कळतंय. तू यंत्र लावून बघितलं होतंस. मी तिचा हात धरून तिला रस्ता ओलांडून दिला. एसटीत बसवलं.

मी अजून त्याच नोकरीत आहे. विमानं वाढली आहेत. गावातली तीन-चार माणसं संस्थेत पहाऱ्याला लागली, आता तक्रार कुणी करत नाही. फेरमोजणी होऊ शकेल का, म्हणून मी एकदा सरांना विचारलं. ते म्हणाले, अर्ज लागतो. अर्ज करणार कोण? आत्या? ती तर ज्याला त्याला सांगते की विमानाचा काही त्रास नाही, आपल्याच कानात दोष आहे. गावातली माणसं तिच्याशी ओरडून बोलतात. ती ओरडू देते.

परवा गेले होते तिच्याकडं. ती ओसरीत तूर निवडत बसली होती, पाठ माझ्याकडं. आभाळात काही नव्हतं तेव्हा. मी उंबऱ्यातूनच पाणी मागितलं — अगदी हळू, ओठातल्या ओठात. ती उठली, माठातलं पाणी तांब्यात घेऊन आली, माझ्या हातात दिलं.

मग म्हणाली, "जरा मोठ्यानं बोलत जा गं. मला ऐकू येत न्हाई."

मी मोठ्यानं म्हणाले, बरं.