हात न लागलेला खो

आमचा खो-खोचा संघ चांगला होता, हे आधीच सांगून टाकतो. पुढचं ऐकल्यावर कुणाला तसं वाटणार नाही.

हिंगोलीच्या जुन्या छावणीच्या मैदानावर आम्ही नऊ जण रोज संध्याकाळी खेळायचो. पावसाळ्यात तिथली काळी माती तळव्याला अशी चिकटायची की पाय उचलवत नसे, आणि पुढं दसऱ्यापर्यंत मैदानात म्हशी बसलेल्या असत. त्यामुळं आमचा हंगाम सुरू व्हायचा तो दिवाळी उरकल्यावर. दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते, पण युद्ध आमच्यापर्यंत पोचलं होतं ते रॉकेलच्या टंचाईपुरतं. मी शाळेच्या शेवटच्या वर्गात होतो, अठरावं लागलं होतं, आणि संघाचा कप्तान होतो. कप्तान का, तर वडील तहसील कचेरीत कारकून होते आणि मैदानाची परवानगी त्यांच्या टेबलावरून यायची. पळण्यात माझ्यापुढं चार जण तरी होते.

त्या चौघांत पहिला महारवाड्यातला होता. त्याचा बाप कचेरीचे निरोप आणि कागद घेऊन गावोगाव पायी जायचा. बापाचा गुडघा धरला की शाळा बुडवून हा जायचा. सकाळी कळमनुरीला कागद पोचवून संध्याकाळी हा पठ्ठ्या आमच्यात खेळायला हजर. आम्ही दमून कमरेवर हात ठेवून उभे असायचो तेव्हा याच्या कपाळावर घाम नसायचा.

त्याला संघात घेतलं आमच्या व्यायाममास्तरांनी. ते वाशीमकडचे, खादीची अर्धी चड्डी घालणारे, आवाज गल्लीच्या त्या टोकाला जाईल असा. त्याला घेतलं तेव्हा शाळेत थोडी कुजबुज झाली. वडीलही घरी जेवताना म्हणाले, "खेळापुरतं आहे तोवर ठीक आहे." बाकी कुणी काही बोललं नाही. न बोलण्याची कला आमच्या घरात सगळ्यांनाच येत होती, मलाही.

खो-खोत बसलेल्या गड्याच्या पाठीवर हात लावायचा आणि त्याच वेळी 'खो' म्हणायचं, की तो उठून पाठलागाला लागतो. पहिल्या संध्याकाळी मी पळत पळत त्याच्या मागं आलो. हात उचलला, आणि तो त्याच्या पाठीपासून वीतभर अलीकडंच थांबला. 'खो' मात्र मी जोरात ओरडलो. तो उठला आणि सुटला. मी मास्तरांकडं पाहिलं. ते शिट्टीची दोरी सोडवत होते. ती दोरी तशी काही गुंतलेली नव्हती.

झालं, तोच नियम ठरला. कुणी सांगितला नाही, कुणी लिहिला नाही, पण आठही जणांना पाठ होता. त्याला खो द्यायचा तो आवाजानं, आणि तोही आम्हाला तसाच द्यायचा. गंमत अशी की यानं आमचा खेळ उलट वेगवान झाला. हात टेकवायला लागणारा पाव क्षण वाचायचा. तो तर आवाज पुरता निघायच्या आत उठायचा.

खरी गंमत पुढं होती. पहिला सामना कळमनुरीला झाला. त्यांचा एक उंच गडी कुणाच्याच हाती लागेना. मी याला खो दिला. हा समोर आलेला पाहताच तो उंच गडी असा बिथरला की शिवून घेण्यापेक्षा सरळ रेषेबाहेर पळाला, तो थेट बाभळीच्या काट्यांच्या कुंपणात. रेषेबाहेर गेला म्हणून बाद. आम्ही पोट धरून हसलो. वसमतला दोघं असेच आपणहून बाहेर गेले. जवळा बाजारला तर आम्ही डाव दोन मिनिटं राखून संपवला. तिकडचे पंच म्हणजे तिथलेच शिक्षक, त्यांना आमच्या खो देण्यात काहीच वावगं दिसलं नाही. हात लावायचा असतो हे त्यांना माहीत होतं, आणि तो कुणाला लावायचा नसतो हेही.

मी लबाड होतो. कप्तान म्हणून मी त्याला रांगेत बरोबर मधे बसवायला लागलो, म्हणजे दोन्ही बाजूंच्या गड्यांना धाक राहील. जवळा बाजारच्या कप्तानानं मला विचारलं, "तुमचं बरं हाय राव. आमी काय करावं? तुमच्याजवळ तोफच हाय." सगळे हसले, आमचा तो गडीही हसला. तो हसला म्हणजे सगळं ठीक आहे, असं मी धरून चाललो. सामन्यानंतर गूळ-शेंगदाणे वाटले तेव्हा आमच्या ओंजळीत पडले आणि त्याच्या वाट्याचे पळसाच्या पानावर ठेवले गेले. ते पान मीच ठेवलं होतं.

तीन सामने, तीन विजय. मास्तरांनी त्याला आमच्या सगळ्यांसमोर सांगितलं, "संक्रांतीनंतर वाशीमले सामना हाय. तिथच्या व्यायामशाळेत उन्हाळ्यात ड्रिल मास्तरचा वर्ग असते. बाहेरच्या संघातला एक पोरगा घेतात. यंदा तू जाशील, मी सांगून ठेवलं हाय त्यायले."

त्यानं पायाला लागलेली माती झटकली. मग विचारलं, "ड्रिल मास्तर झाल्यावर कागदं घेऊन पळावं लागत न्हाई ना?"

"पागल हायस का? तू शिट्टी वाजवशील अन् दुसरे पळतील."

त्या दिवसापासून तो शाळा बुडवेनासा झाला. बाप दुखऱ्या गुडघ्यानं जायला लागला. ओठ मुडपून, बोटं तोंडात घालून शिट्टी मारायचा सराव हा येता-जाता करायचा. आम्ही त्याला 'मास्तर' म्हणून चिडवायचो. बाकीचे सात जण मला अरे-तुरे करायचे. तो 'तुमी' म्हणायचा, आणि ते मी कप्तान होतो म्हणून नव्हतं.

वाशीमला आम्ही मोटार लॉरीनं गेलो. मैदान मुरमाचं, आखीव. पंच म्हणून त्या व्यायामशाळेतलेच चष्मा लावलेले एक वयस्कर गृहस्थ होते, हातात नियमांचं पुस्तक. पहिल्याच मिनिटात मी आमच्या हुकमी गड्याला खो दिला आणि शिट्टी वाजली.

"फाउल. हात लागला नाही."

परत दिला, परत शिट्टी. आमच्यातल्या किराणा दुकानदाराच्या मुलानं दिला, शिट्टी. आणि त्यांचे गडी! ते त्याच्यापुढून पळून रेषेबाहेर जाईनात. एकाला त्यानं शिवलं तर तो गडी हसून "वा!" म्हणाला आणि बाहेर जाताना याच्याच खांद्यावर थाप मारून गेला. हा त्या खांद्याकडं पाहत उभा राहिला. तेवढ्यात दुसरा निसटला.

मधल्या वेळेत मास्तर आम्हाला गोल करून म्हणाले, "काऊन रे, हात लावा ना त्याले. हात झिजते का तुमचा?"

कुणी वर पाहीना. दुकानदाराचा मुलगा पुटपुटला, "घरी कळलं तर काय सांगावं आमी?"

"मला बाहेर बसवा मास्तर," तो म्हणाला. "ह्यांचं खरं हाय."

 मास्तरांनी शिट्टीची दोरी परत हातात घेतली. तेव्हा मला कळलं की त्यांना पहिल्या दिवसापासून सगळं दिसत होतं. तो बाहेर बसला असता तर दहावा गडी आमच्याकडं नव्हताच. म्हणून तो परत मधे जाऊन बसला, आणि दुसऱ्या डावात आम्ही त्याला कुणी खोच दिला नाही. तो नुसता बसून होता. पळणारे त्याच्या अगदी जवळून जायचे आणि तो मान वळवून पाहायचा.

तरीही आम्ही बरोबरीपर्यंत आलो, पण बरोबरी राहिली तर पहिल्या डावाच्या आघाडीवर विजय त्यांचा ठरणार होता. शेवटचं अर्ध मिनिट, त्यांचा एकच गडी उरलेला, तो दमलेला. पाठलागावर मी होतो. तो गडी बरोबर याच्या समोर आला, दोन हातांवर. मी याच्या मागं होतो. दुसरा कुठलाच खो उपयोगाचा नव्हता.

माझं मन मोठं झालं असं कुणी म्हणू नये. मला जिंकायचं होतं, एवढंच. मी 'खो' म्हणालो आणि त्याच्या पाठीवर हात टेकवला. घाईत हात जरा दणकन पडला.

तो उठला नाही. त्यानं डोकं गुडघ्यांत घातलं, दोन्ही हात मानेवर घेतले आणि अंग चोरून तसाच बसून राहिला. मग हळूच मान वळवून त्यानं मागं पाहिलं. मी दिसलो. तेव्हा तो उठला, वाऱ्यासारखा सुटला, पण गडी खांबापलीकडं गेला होता आणि वेळ संपली होती. तो एक गडी बाद झाला नाही आणि आम्ही हरलो.

पंच मास्तरांना म्हणाले, "पोरगा चपळ आहे. पण खो दिलेला समजत नाही त्याला. वर्गासाठी तुमचा कप्तान चालेल. त्या पोराला नियमाप्रमाणे हात लावला तो त्यानं एकट्यानं." मी शेजारीच उभा होतो. मास्तरांनी माझ्याकडं पाहिलं. मी एक वाक्य बोललो असतो तर चाललं असतं. मी बोललो नाही.

परतीच्या वाटेवर लॉरीत सगळ्यांनी त्याला फाडून खाल्लं. दगड, मद्दड, काय काय म्हणाले. तो मागच्या फळकुटावर पाय सोडून बसला होता. निजामाच्या हद्दीवर करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावर झडतीसाठी लॉरी थांबली, तेव्हा मी उतरून त्याच्याजवळ गेलो.

"काहून उठला न्हाईस रे?"

"तुमचा आवाज ऐकूच आला न्हाई," तो म्हणाला. "पाठीवर हात पडला. मला वाटलं, कुनी मारून राहिलं."

 मग त्यानं विचारलं, "त्या वर्गाचं काय म्हनले ते?"

"मास्तर सांगतील," मी म्हणालो आणि लॉरीत चढलो.

घरी पोचल्यावर पाणी तापायची वाट न पाहता मी मागल्या दारी गार पाण्यानं आंघोळ केली. प्रवासाची धूळ फार होती, असं आईला सांगितलं. तिनं विचारलं नव्हतं. त्या आंघोळीची मला आजही लाज वाटते, हरल्याची कधीच वाटली नाही.

पुढं सामने झाले नाहीत. तो मैदानावर आला नाही आणि आम्ही आठ जण चार संध्याकाळी रेंगाळून पांगलो. मास्तर महिन्याभरात कळमनुरीच्या शाळेत गेले. होळीच्या सुमाराला एका सकाळी आमच्या दारात कुणी तरी खाकरलं. तोच होता. मास्तरांनी कळमनुरीहून माझ्यासाठी चिठ्ठी दिली होती. वाशीमच्या वर्गात माझं नाव लागलं होतं आणि मी कधी यायचं ते त्यात लिहिलं होतं. चिठ्ठी नुसती घडी केलेली होती, बंद केलेली नव्हती. त्याला वाचता चांगलं येत होतं.

त्यानं ती ओट्यावर ठेवली आणि चार पावलं मागं सरून उभा राहिला. मी उचलली, वाचली.

"पोचल्याची सही पाहिजे म्हनले मास्तर," तो म्हणाला.

मी आतून दौत आणि कोरा कागद आणून पोचेची सही केली. कागद त्याच्या हातात द्यायला म्हणून पुढंही झालो. ओट्याच्या कडेपर्यंत गेलो, तिथं कागद खाली ठेवला आणि मागं सरलो. तो पुढं आला, कागद उचलून बंडीच्या खिशात घातला आणि कळमनुरीच्या रस्त्याला पळत निघाला. मी वळणापर्यंत पाहत होतो. नंतर मी तीस वर्षं ड्रिल मास्तर होतो. पोरांना खो शिकवताना पहिल्याच दिवशी सांगायचो, हात लागलाच पाहिजे. इतक्या वेगानं पळणारा गडी मला परत मिळाला नाही.