कपाटातला झेंडू

सुनंदा येणार म्हणून त्या दिवशी सकाळी मी कपाटातून तिचा सुक्या फुलांचा गुच्छ काढला, फडक्याने हलकेच झटकला आणि हॉलमधल्या खिळ्याला टांगला. तिचा ठाणे स्टेशनवरून फोन आला की चहाचं आधण ठेवायचं, असा आमचा शिरस्ता. फोन आला, पण तो तिच्या मुलाचा होता. "मावशी, आई गेली," एवढंच निखिल म्हणाला. साडी नेसून, पिशवी भरून निघण्याच्या बेतात होती म्हणे, छातीत कळ आली आणि संपलं… मी फोन धरून भिंतीवरच्या गुच्छाकडे बघत राहिले. खरं सांगते, रडू नंतर आलं. आधी वाटली ती लाज.

डोंबिवलीला आमची दारं समोरासमोर होती. तिच्या दोन खोल्यांत शिरलं की बाहेर कोणता ऋतू सरलाय ते भिंतीवर दिसायचं. पाऊस संपला की कुर्डूचे गुलाबी तुरे आणि माळावरचं गवत, दसऱ्यानंतर झेंडू, थंडीत कापसाची बोंडं, उन्हाळ्यात शिरीषाच्या शेंगा. पंखा लावला की त्या शेंगा खुळखुळायच्या आणि तिचे यजमान वैतागायचे. पावसाळ्यात मात्र ती सगळं उतरवून ठेवी. "बुरशी धरते गं. शिवाय भिंतीलाही चार महिने सुट्टी नको?" झेंडू ती कपाटात, अंधारात उलटा टांगून वाळवायची. उजेडात फूल फिकं पडतं, अंधारात रंग टिकतो, हे मला तिनेच शिकवलं. मी ते ऐकलं आणि विसरले. विसरले नसते तर पुढची फजिती टळली असती.

ती गुच्छ नेहमी जोडीने करायची, एक स्वतःला आणि एक मला. माझ्या सासूबाईंना ते मुळीच खपायचं नाही. वाळकी फुलं म्हणजे निर्माल्य, ती पाण्यात सोडायची, भिंतीवर कसली लावायची, असं त्यांचं म्हणणं. म्हणून मी गुच्छ कपाटात ठेवू लागले आणि सुनंदा यायची असली की तेवढ्यापुरता बाहेर काढू लागले. देखल्या देवा दंडवत! सासूबाई गेल्या, ती ठाकुर्लीला राहायला गेली, आम्ही ठाण्यात कोलशेतला मोठ्या घरात आलो, तरी गुच्छ काही कपाटातून बाहेर आला नाही. आता आड यायला कोणी नव्हतं. मलाच तो नको होता. पांढऱ्याशुभ्र भिंती, मोजकं फर्निचर, त्यात हे गवत काय म्हणून? येणारे-जाणारे काय म्हणतील, याची मला धास्ती होती. पावसाळ्याची तर मी वाट बघायचे, चार महिने ती उठाठेव नाही म्हणून.

आली की ती आधी गुच्छाकडे जायची. झेंडूच्या पाकळ्यांवरून बोट फिरवायची आणि म्हणायची, "विद्या, तुझ्याकडे रंग काय टिकतो गं!" मी आपली खूश. एकदा तर मी तिला वर सांगितलं, "अगं, आमच्याकडे ऊन येत नाही ना, म्हणून असेल." आमचा हॉल पश्चिमेचा. दुपारी तीननंतर पडदे ओढल्याशिवाय तिथे बसवत नाही. आणि मी हे सांगत होते तेव्हा ती त्याच उन्हात, डोळ्यांवर हात धरून बसली होती. "असेल," ती म्हणाली आणि खुर्ची जरा सरकवून घेतली.

तिच्या बाराव्याला ठाकुर्लीला गेले. तिच्या फोटोच्या बाजूलाच, भिंतीवर तिचा जोडीचा गुच्छ होता. तीच बांधणी, तीच लाल दोऱ्याची गाठ. पण झेंडू पार पेंढ्यासारखा झाला होता. माझा अजून केशरी होता, कालच बांधल्यासारखा… रंग का टिकतो हे तिच्याइतकं कोणाला कळणार? पहिल्याच वर्षी कळलं असणार. तरी दर ऋतूला ती माझ्या वाटणीचा गुच्छ बांधत राहिली. आणि तो स्टेशनवरचा फोन… "ठाण्यात उतरले गं, रिक्षाने येतेय, तू चहा टाक." कितीदा तो वाजल्यावरच मी धावत जाऊन गुच्छ काढला होता, आणि एवढी वर्षं मला वाटायचं, चहासाठी करते. ती मला कपाट उघडायला वेळ देत होती.

निघताना निखिलने तिने त्या दिवशी भरलेली पिशवी हातात दिली. त्यात शिरीषाच्या शेंगांचा गुच्छ होता. "तुमच्यासाठीच केलेला, मावशी. आई सगळ्यांना सांगायची, विद्यासारखं जपणारं कोणी नाही, तिच्याकडे रंग टिकतो." भोवतीच्या बायका माझ्याकडे कौतुकाने बघत होत्या. कोणीतरी पाठीवर हात ठेवला. मी मान डोलावली. तिथेच खरं बोलायला हवं होतं, जीभ उचलली नाही. निखिल पेपरची ही पुरवणी वाचतो. म्हणून इथे लिहितेय. निखिल, मी जपलं नाही रे. मी लपवलं. तुझ्या आईला ते माहीत होतं आणि तिने मला तुमच्यापुढे कधी उघडं पाडलं नाही.

आता दोन्ही गुच्छ भिंतीवर आहेत, शेजारी नवा खिळा ठोकून घेतला. पंख्याखाली शेंगा खुळखुळतात. परवा मुलगा म्हणाला, "आई, तो झेंडू फिका पडत चाललाय, काढून टाकू का?" मी म्हटलं, राहू दे. पावसाळा आला की उतरवावे लागतील, आणि नंतर नवे घेऊन कोणी येणार नाही. यंदा पावसाचीच धास्ती वाटते. सवय मात्र जात नाही. दुपारी फोन वाजला की तो घेण्याआधी मी कपाट उघडून उभी असते.