सागाखालचा खोटा स्लॅब

सुतारानं स्वतःच्या घरात लाकूड लपवून ठेवावं, याहून मोठी फजिती कुठली? ती माझी झाली आहे.

सुरतेजवळ इच्छापोरला एका कारखान्याचं ऑफिस बांधत होते. खांब, तुळया, छप्पर, सगळं लाकडाचं, आणि ते काम माझ्याकडं होतं. तिथली आर्किटेक्ट माझ्या पोराच्या वयाची, गुजराती. झाड वाढताना हवेतला कार्बन ओढून घेतं आणि तो लाकडात राहतो, हे मला तिनं समजावलं. लाकूड जाळलं किंवा कुजलं की तो परत हवेत. घरात नीट जपलं तर घर उभं असेपर्यंत आतच. सिमेंट-लोखंडाला उलट भट्ट्या पेटवाव्या लागतात. "काका, सडवा न देता," असं ती रोज बजावायची, म्हणजे कुजू देऊ नका. तीस वर्षं मी तेच करत आलो होतो, पण त्याचा हवेशी काही संबंध आहे हे मला कुणी सांगितलं नव्हतं. ऐकून फार बरं वाटलं.

त्याच सुमारास कडोदऱ्याला एक जुनी शेड पाडली. तिचं सागवान कुठल्याशा मिलच्या बॉयलरमध्ये जाणार होतं. मी ते घरी आणलं, खिळे उपटले, रंधा मारला आणि वरच्या मजल्यावरच्या खोलीला छप्पर घातलं. सागाच्या तुळया, त्यावर फळ्या, वर कौलं. खाट टाकून वर बघत पडलं की जेवणाचीसुद्धा आठवण व्हायची नाही.

घरात मात्र सुतक. पोरगा लग्नाचा होता. आमच्या खानदेशी लोकांत स्थळ बघायला आलेला माणूस चहाच्या आधी मान वर करतो, स्लॅब आहे की नाही ते बघायला. मुलगा काय करतो ते नंतर. बायको म्हणाली, "लाकूडना घरमा पोर कोन दी?" मी कार्बनचं सांगायला लागलो. "तुमना कार्बन मांडवमा येई का?" असं विचारून ती भाकरी थापायला लागली.

मग इच्छापोरच्या कामाची घाई आली आणि मी चार दिवस साइटवरच राहिलो. परत येऊन बघतो तर वरच्या खोलीत गुळगुळीत पांढरं छत! मेहुण्यानं पीओपीवाले आणून माझ्या सगळ्या तुळया खालून झाकून टाकल्या होत्या. कडेनं गोल दिवेसुद्धा बसवले होते. "दाजी, झाकली मूठ सव्वा लाखाची," तो म्हणाला. मुलीकडचे पाहुणे दोन दिवसांवर आले होते. मी आरडाओरडा केला, जेवायचं नाही म्हणून बसलो, आणि कुणी आग्रहही केला नाही. इच्छापोरचं लाकूड बघायला लोक गाड्या भरून येत होते. माझ्या घरी तेच लाकूड म्हणजे लाज!

पाहुणे आले, माना वर झाल्या, होकार आला. मग आम्ही त्यांच्या गावी गेलो. त्यांच्या बैठकीतही पांढरं छत, कडेनं गोल दिवे. मेहुण्यानं मला कोपरानं ढोसलं, "बघा दाजी, स्लॅब." मीही मान डोलावली. लग्न झालं. त्यानंतर पीओपी काढायचं नाव काढलं की बायको डोळे वटारायची. सुनेच्या माहेरी कळलं तर?

पावसाळ्यात त्या छतावर पिवळा डाग उमटला. कुठलं तरी कौल सरकलं असणार. छप्पर उघडं असतं तर मला पहिला थेंबच दिसला असता. झाकलेल्या लाकडाला वारा लागत नाही, ओल आतच बसते आणि मग कूज सुरू होते. डाग ताटाएवढा झाला तरी घरात एकच धोशा, सून माहेरी जाईपर्यंत थांबा. बॉयलरच्या तोंडातून काढलेलं सागवान मी लोकलाजेपायी स्वतःच्या घरात सडवत होतो. स्वतःचाच संताप यायचा.

एका दुपारी डागाखाली उभा राहून दात-ओठ खात होतो, तेवढ्यात सून चहा घेऊन आली.

"मामा, फोडा ना ते," ती म्हणाली. "वर कौलं आहेत, मला माहीत आहे. स्लॅबवर पाऊस असा वाजत नाही."

मी आवाज खाली आणून विचारलं, "माहेरी सांगितलंस?"

"काय सांगू? आमच्याकडं तर धाबंच आहे. सागाच्या तुळया आणि वर माती. तुम्ही येणार म्हणून बाबांनी खालून पीओपी मारून घेतलं."

तीस वर्षं लाकडात घालवलेला मी, त्या घरात बसून, धाब्याच्या घराला असतात तशा त्या जाडजूड भिंती बघून, मान डोलावून आलो होतो. आता राग काढायचा तरी कुणावर? हातोडी घेतली आणि छत फोडलं. एका तुळईचं टोक काळं पडलं होतं. बोट लावलं तर भुगा झाला. वीतभर गेली, बाकीची वाचली.

सून खाली पडलेला चुरा भरत होती. मी विचारलं, "तुमच्या तुळया किती जुन्या?"

"पणजोबांच्या वेळच्या." ती थोडी घुटमळली. "तिथंही यंदा डाग पडलाय, मामा. फोडता येत नाही. बाबा म्हणतात, सासरी कळलं तर तुला काय म्हणतील."

मी पांढऱ्या हातांनीच व्याह्यांना फोन लावला. म्हटलं, "हातोडी घेऊन निघालोय. आमचं फोडलं, आता तुमचं फोडू."