सरला पेठे यांच्या नावावरची कॅरव्हॅन

सरलाबाई पेठे यांच्या नावावर आयुष्यात एकच वाहन झालं, आणि त्याला इंजिन नव्हतं. दोन चाकं, पुढे गाडीला जोडायचा दांडा आणि वर पांढरट पत्र्याची एक खोली. स्वतःहून ते कुठेच जाऊ शकत नव्हतं. सरलाबाईंनाही त्याला कुठे न्यायचं नव्हतं.

नवरा गेल्यावर त्या पुण्याहून ऑकलंडला मुलाकडे आल्या. यशोधन सॉफ्टवेअरमध्ये, सून निवेदिता एका विमा कंपनीत, नात श्रिया शाळेत. माउंट रॉस्किलमधलं भाड्याचं घर दोन बेडरूमचं. सरलाबाई दिवाणखान्यातल्या सोफ्यावर झोपत. कुणी त्यांना वावगं बोलत नसे. पण स्वयंपाकघराची वाट त्याच खोलीतून होती, टीव्ही तिथेच होता, आणि श्रियाचा पियानोही. सगळे उठायच्या आत अंथरूण आवरावं लागे. रात्री मॅच रंगली की निवेदिता म्हणायची, "आई, तुम्ही झोपा ना. आम्ही आवाज कमी करतो." आवाज कमी व्हायचा. माणसं तेवढीच राहायची.

सरलाबाई पदवीधर होत्या आणि टेलिफोन खात्यात तक्रारींच्या खिडकीमागे बसून निवृत्त झाल्या होत्या. लोक खिडकीतून डोकं आत घालून ओरडत आणि त्या शांतपणे सांगत, "नियम असा आहे." त्या नोकरीने त्यांना एक सवय लावली. गाऱ्हाणं करायचं नाही, मार्ग काढायचा.

मार्ग कोपऱ्यावरच्या डेअरीत सापडला. दूध आणायला गेल्या, तर दाराशी चिठ्ठी लावलेली होती: जुनी कॅरव्हॅन विकणे आहे. पत्ता तीन गल्ल्या सोडून. तिथली म्हातारी एकटी होती. नवऱ्याबरोबर दर नाताळला ती हे घर ओढत समुद्रावर जायची. आता नवरा नव्हता आणि गुडघेही नव्हते. तिने सरलाबाईंना आत बसवलं, कॅरव्हॅनच्याच गॅसवर चहा करून दिला, आणि मागची नंबरप्लेट दाखवत म्हणाली, "ही कायमची हं. गाडीबरोबर जन्मभर."

सरलाबाईंना ते लगेच पटलं. त्यांच्या यजमानांच्या स्कूटरचंही तसंच होतं. घेताना एकदा काय तो पंधरा वर्षांचा रोड टॅक्स भरला, नंबर मिळाला, पुन्हा कधी त्या विषयाकडे बघावं लागलं नाही. यजमान गेल्यावर ती वर्षभर सोसायटीच्या शेडमध्ये उभी होती. कोणी विचारायला आलं नाही.

"आई, कॅरव्हॅन?" यशोधन म्हणाला. "तुला ड्रायव्हिंग येत नाही."

"झोपायला ड्रायव्हिंग लागतं का?"

"बरं, मग नाव माझं लावू. कागदपत्रांची कटकट मी बघेन."

"पैसे माझ्या पेन्शनचे, झोपणार मी. नाव माझं."

नाव त्यांचंच लागलं. घरमालकाची परवानगी निवेदिताने काढली. मागच्या अंगणात, लिंबाच्या झाडापलीकडे, कॅरव्हॅनची पाठ कुंपणाला लावून ती उभी केली. सरलाबाईंनी आत पडदे शिवून लावले, देव मांडले, रेडिओ ठेवला. जेवायला आणि न्हायला त्या घरात येत, श्रियाचा डबा करत. मग कॅरव्हॅनमध्ये जाऊन दार लावून घेत. लॅच पडल्याचा खट्ट आवाज त्यांना फार आवडायचा. साठी उलटलेल्या बाईने दाराच्या आवाजावर खूश व्हावं हे त्यांचं त्यांनाच हसू येण्यासारखं वाटे, म्हणून त्यांनी ते कोणाला सांगितलं नाही.

वर्षभराने सरकारी पत्र आलं. गाडीचं लायसन, म्हणजे रस्ता वापरायचा वार्षिक परवाना, संपलं, नवीन घ्या. सरलाबाईंनी ते दोनदा वाचलं. अशी पत्रं त्यांनी स्वतः आयुष्यभर पाठवली होती. सगळ्यांना सरसकट जातात, ज्याचा त्याने विचार करायचा असतो. आपली गाडी रस्त्यावर नाही, गवतावर आहे. रस्ता वापरायचा नाही तर त्याचे पैसे कसले? त्यांनी पत्र बाजूला ठेवलं. नंतर आणखी एक आलं. तेही ठेवलं. पुढे पत्रं यायची थांबली तेव्हा, खात्याच्याही ते लक्षात आलं असावं, असं त्यांनी गृहीत धरलं.

दोन हजार आठ साली यशोधनला वेलिंग्टनला नोकरी लागली. घर शेजारच्या पोरिरुआत घेतलं, टेकडीवर, समोर खाडी. तीन बेडरूमचं.

"आता तुला तुझी खोली, आई," तो म्हणाला. "कॅरव्हॅन विकून टाकू."

"का?"

"का म्हणजे? खोली आहे ना!"

"ती तुमच्या घरातली खोली आहे, यशोधन."

"आमच्या घरातली म्हणजे? तू काय पाहुणी आहेस?"

सरलाबाई मेथी निवडत होत्या. निवडत राहिल्या. निवेदिता मध्ये पडली. "अरे, नेऊ या ना. ओढूनच तर न्यायची आहे. सामानही जाईल तिच्यात."

यशोधनने हात वर केले. "ठीक आहे. पण घर रिकामं करायच्या दिवशी कायदेशीरपणे रस्त्यावर येत असेल तर नेऊ. नाहीतर भंगारवाला बोलवायचा. इथे टाकून जाता येणार नाही."

म्हणजे आता प्रश्न एवढाच होता: घर सोडायच्या आत कॅरव्हॅन रस्त्यावर आणायची. सरलाबाईंना त्यात अवघड काही दिसलं नाही. प्लेट तर होतीच.

गाड्यांच्या नोंदणीच्या काउंटरवरची बाई ठसठशीत होती, कानात हिरव्या दगडाचे डूल. "किया ओरा," असा माओरी नमस्कार केला, नंबर टाइप केला, आणि पडद्याकडे बघत राहिली. सरलाबाईंना ते बघणं ओळखीचं होतं. पुढे काय येतं तेही ओळखीचं होतं.

"या नंबरची गाडी आता नाही," ती म्हणाली.

"अंगणात आहे."

"अंगणात असेल हो. नोंदीत नाही. वर्षाहून जास्त लायसन भरलं नाही, तर नोंदणी आपोआप रद्द होते. ही प्लेट आता नुसता पत्रा."

"पण प्लेट कायमची आहे. आणि मी ती रस्त्यावर नेलीच नाही."

"नेणार नाही, असं आधी कळवलं होतं का?"

"वापरत नाही हे कशाला कळवायचं?"

"कळवलं असतं तर एवढं झालं नसतं. प्लेट कायमची असते, लायसन दर वर्षाचं. नियम असा आहे, डिअर."

यशोधन शेजारी उभा होता. खिडकीच्या या बाजूने ते वाक्य कसं लागतं, हे सरलाबाईंना पहिल्यांदाच कळत होतं. मग त्यांनी तेच विचारलं जे त्यांच्या खिडकीवरची शहाणी माणसं विचारत. "बरं. आता काय करायचं ते क्रमाने सांगा."

काउंटरवरच्या बाईने सांगितलं. गाडी जणू आज जन्मली असं धरायचं. तपासणी केंद्रावर नेऊन सांगाडा, दिवे, चाकं सगळं दाखवायचं, पास झाली की नवी नोंदणी, नवी प्लेट. आणि तपासणीला नेताना रस्त्यावरून ओढायची नाही, कारण तिची नोंदणी नाही.

"म्हणजे जायला नोंदणी हवी, आणि नोंदणीला जायला हवं," यशोधन गाडीत बसताना म्हणाला. "आई, सोड ना आता. तुला पत्रं आली होती का?"

"आली होती."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"मला वाटलं, मला कळतंय."

पहिल्या सिग्नलला यशोधनने स्टिअरिंगवर बोटं वाजवायला सुरुवात केली. लहानपणी परीक्षेच्या आदल्या दिवशी बाकावर वाजवायचा तशी.

मराठी मंडळातल्या गुरुदत्तला निवेदिताने फोन केला. तो ईस्ट टामाकीला मालाचे ट्रेलर बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनिअर होता. शनिवारी तो कॅरव्हॅन वर लादून तपासणीला न्यायला सपाट पाठीचा ट्रक घेऊन आला, कॅरव्हॅनभोवती फिरला, खाली वाकून बघितलं आणि उठून हात झटकले.

"काकू, ही उभी आहे म्हणून उभी आहे."

"म्हणजे?"

"पुढच्या दांड्याच्या जोडाला गंज चढलाय. रस्त्याने नेली असतीत, तर वाटेत हॅमिल्टन यायच्या आत ही एकीकडे आणि यशोधन एकीकडे."

हे ऐकून सरलाबाई लिंबाखालच्या खुर्चीत बसल्या. लायसनचं त्यांना वाईट वाटलं होतं, पण ते वाईट वाटणं मानापमानाचं होतं. हे निराळं. मोटरवेवर मुलगा पुढे, सून शेजारी, नात मागे, आणि त्यांच्यामागे आपली खोली तुटून उलटतेय, असं त्यांना डोळ्यांसमोर दिसायला लागलं. त्यांनी यशोधनकडे बघितलं. तो ट्रकच्या साखळ्या लावत होता.

"भंगारवाल्याला बोलव," त्या म्हणाल्या.

"काय?"

"राहू दे. नको मला."

यशोधनने साखळी खाली ठेवली. खरं तर त्याला हेच हवं होतं. पण गुरुदत्त समोर होता, ट्रक आलेला होता, आणि आई अशी एका वाक्यात हार मानताना त्याने कधी बघितली नव्हती. तो म्हणाला, "गुरुदत्त, वेल्डिंग होतं का याचं?"

"सगळं होतं. दांडा नवाच टाकू. पण मला आठवडा द्या. फुकट नाही हं काकू, पुरणपोळ्या लागतील."

"कटाच्या आमटीसकट देईन," सरलाबाई बसल्या जागेवरून म्हणाल्या. "पण तपासणारा परका हवा. तुझ्या ओळखीचा नको."

"का? माझ्यावर विश्वास नाही?"

"तुझ्यावर आहे. पोरं माझी आहेत."

नवा दांडा बसला. तपासणी केंद्रावरचा माणूस तोंडातल्या तोंडात शीळ घालत काम करायचा. पहिल्या खेपेला त्याने नापास केली: मागचा एक दिवा मंद, आणि सांगाड्यावरचा नंबर वाचता येत नाही. यशोधनचा चेहरा पडला. सरलाबाईंना मात्र जरा बरं वाटलं. नापास करणारा माणूस नीट बघत असतो. दिवा बदलला. गंजाखालचा नंबर खरवडून निघाला नाही, तेव्हा त्याने सांगाड्यावर नवा नंबर ठोकून दिला. मग तो पाठीवर सरकत कॅरव्हॅनखाली गेला. नुसते बूट दिसत राहिले. बराच वेळ शीळही ऐकू येईना.

"हेवी आहे, पण धट्टीकट्टी आहे," बाहेर येऊन तो म्हणाला. "स्वीट ॲझ."

"म्हणजे पास?" सरलाबाईंनी यशोधनला विचारलं.

"पास, आई."

काउंटरवर या वेळी एक तरुण होता. मालकाचं नाव काय लावायचं, त्याने यशोधनकडे बघून विचारलं. यशोधनने आईकडे बोट दाखवलं. तरुणाने विचारलं, लायसन किती महिन्यांचं हवं, तीन, सहा की बारा?

"पंधरा वर्षांचं नाही मिळत?"

"नाही, मॅम."

"मग बारा. आणि पुढच्या वर्षी आठवण कराल ना?"

"पत्र येईल."

"ते मुलाच्या पत्त्यावर पाठवा," सरलाबाई म्हणाल्या. "दोघं वाचू."

नवी प्लेट त्यांनी मांडीवर ठेवून घरी आणली. घर सोडायच्या आदल्या संध्याकाळी ती लागली.

प्रवासात कॅरव्हॅनमध्ये बसता येत नाही, तोही नियम. सरलाबाई गाडीत मागे श्रियाजवळ बसल्या आणि ऑकलंडपासून मान वळवून मागच्या काचेतून बघत राहिल्या. "आजी, इट्स स्टिल देअर," श्रिया अधूनमधून सांगायची. वाटेत तौपोला थांबले तेव्हा त्यांची मान आखडली होती. कॅरव्हॅन मात्र निमूट मागून येत होती. जणू तिला हेच काम जन्मभर होतं.

पोरिरुआच्या टेकडीखाली गाडी थांबली, तेव्हा सगळ्यांच्या ध्यानात आलं की घराचा चढ कॅरव्हॅनला झेपणार नाही. यशोधनने दोनदा प्रयत्न केला. चाकं जागच्या जागी फिरली. शेवटी चढाच्या पायथ्याशी, पत्रपेटीलगत थोडी सपाट जागा होती, तिथे ती ढकलून बसवली.

"इतक्या लांब झोपणार तू? वारा बघ इथला," यशोधन म्हणाला. "वर खोली तयार आहे, आई."

"असू दे ना तयार. पाहुणे आले तर होईल."

तो काही तरी बोलणार होता. निवेदिताने त्याच्या हातात खोकं दिलं.

रात्री वारा सुटला तो खाडीवरून सरळ आला. कॅरव्हॅन हलत होती, पडदे थरथरत होते. सरलाबाई जाग्या होत्या. भीती वाटत नव्हती असं नाही. पण दांडा नवा होता, आणि खाली झोपून तो तपासणाऱ्या माणसाचे बूट त्यांना आठवत होते.

सकाळी दारावर टकटक झाली. खिडकीतून दिसलं: यशोधन उतार उतरून आला होता. एका हातात चहाचा थर्मास, दुसऱ्या हाताने जॅकेटची टोपी धरलेली. दाराला कडी होती, पण ती आतून.

"आई," त्याने बाहेरूनच विचारलं, "येऊ का?"

"थांब जरा," सरलाबाई म्हणाल्या, आणि आधी केस विंचरायला घेतले.